अ‍ॅडमिनने बटण दाबलंच नाही तर? पुण्यातल्या अ‍ॅप कंपन्यांच्या मालकांना खुलं पत्र

मालक मंडळी, सीईओ सर, मॅडम, डिलिव्हरी हेड, आणि ज्यांच्या ज्यांच्या लॅपटॉपवर सध्या 'कनेक्ट टू फोर्ज' नावाची एक्सेल शीट उघडी आहे त्या सगळ्यांना नमस्कार.

हे पत्र अ‍ॅटलासियनला, म्हणजे जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि कॉन्फ्लुएन्स (टीमची कागदपत्रं ठेवायचं) बनवणाऱ्या आणि आता त्यांच्यासाठी अ‍ॅप्स बांधायची जुनी कनेक्ट पद्धत बंद करून सगळ्यांना नव्या फोर्जवर न्यायला लावणाऱ्या कंपनीला नाहीये, आधीच सांगते. त्यांना जे सांगायचं ते जगभरचे पार्टनर सांगतच असतात आणि तारखा काही आपल्याला विचारून ठरलेल्या नाहीत. हे पत्र बाणेर, बालेवाडी, बावधन, खराडी असल्या ठिकाणी दहा-वीस-पन्नास माणसांचं ऑफिस थाटून जिरा आणि कॉन्फ्लुएन्ससाठी अ‍ॅप्स बनवणाऱ्या आणि ती डॉलरमध्ये विकणाऱ्या तुम्हा लोकांना आहे. मी ह्याच धंद्यातली डेव्हलपर आहे, कुठल्या कंपनीत ते सांगत नाही, सांगितलं तरी फरक पडणार नाही कारण शीट सगळीकडे साधारण सारखीच आहे, एक ओळ, दोन डेव्हलपर, काही आठवडे, शेवटी क्यूए, संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या शीटमध्ये कोडची ओळ आहे पण गिऱ्हाइकाच्या डेटाची नाहीये आणि गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडमिनच्या परवानगीची तर अजिबातच नाहीये, आणि वेळ जाणारे तो ह्या दोन्हीत. कोड आपल्या हातात आहे, रात्री बसून लिहू, शनिवारी येऊ. डेटा अर्धाच आपल्या हातात आहे आणि परवानगी शून्य.

ज्यांना रोज कोड बघायला लागत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. कनेक्टमध्ये अ‍ॅप आपल्या सर्व्हरवर चालतं, जिराच्या पानात नुसती आयफ्रेम, म्हणजे एक खिडकी, दिसते, इन्स्टॉल झालं की एक शेअर्ड सीक्रेट मिळतं, त्याने सही केलेलं जेडब्ल्यूटी नावाचं टोकन घेऊन दोन्ही बाजू एकमेकांना ओळखतात, आणि डेटा आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पडतो. फोर्जमध्ये कोड त्यांच्या क्लाउडवर चालतो, डेटा त्यांच्या स्टोरेजमध्ये, आपला सर्व्हर नाही. 2019 मध्ये त्यांनी फोर्ज दाखवलं, 2021 मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं आणि तेव्हा आपण सगळे म्हणालो की बघू, अजून कच्चं आहे. होतंच कच्चं. पण 17 सप्टेंबर 2025 पासून मार्केटप्लेसवर, म्हणजे अ‍ॅटलासियनच्या अ‍ॅपच्या दुकानात, नवीन कनेक्ट अ‍ॅप टाकता येत नाही, 31 मार्च 2026 नंतर जुन्या कनेक्ट अ‍ॅपचा डिस्क्रिप्टर (अ‍ॅप काय दाखवतं, काय परवानग्या मागतं ते सांगणारी फाइल) बदलून नवीन व्हर्जन काढता येत नाही, आणि 2026 च्या शेवटच्या तिमाहीत कनेक्टचा सपोर्टच संपतोय. ह्यातली मधली तारीख गेली तेव्हा बऱ्याच ऑफिसात कुणाला जाणवलंही नाही, कारण सर्व्हर आपला आहे, त्यावरचा कोड आपण अजूनही बदलतोच आहोत, बग फिक्स जातायत, मग अडलं कुठे? अडेल तेव्हा कळेल, म्हणजे एखादा नवीन स्कोप, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डेटाला हात लावायची जास्तीची परवानगी, लागला किंवा जिराच्या स्क्रीनवर एक नवीन पॅनेल द्यायचं झालं की.

आता कोडबद्दल, कारण तुम्हाला वाटतं सगळं काम तिथेच आहे आणि ते वाटतं तेवढं छोटंही नाहीये. पुण्यात जावाची माणसं भरपूर, त्यामुळे कनेक्टची अ‍ॅप्सही आपण जावाच्याच स्प्रिंग बूटवर बांधली. काहींनी तर 'जिरा सर्व्हर'च्या, म्हणजे गिऱ्हाइक स्वतःच्या मशीनवर बसवायचं त्या आवृत्तीच्या, जमान्यातला प्लगइनचा कोड उचलून तिकडे नेला, त्या आवृत्तीचा सपोर्ट 15 फेब्रुवारी 2024 ला संपला, पण त्याचे क्लासेस अजून आपल्या रेपोमध्ये नांदतायत. फोर्जचे फंक्शन्स नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टवर, चालतात. जावा तिथे चालत नाही. म्हणजे बॅकएंड परत जावास्क्रिप्ट नाहीतर टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायचा, आणि नुसता लिहायचा नाही तर वेगळ्या हिशोबाने लिहायचा, कारण साध्या फंक्शनला 25 सेकंद मिळतात, त्यात आटपलं नाही की बंद. तुमचं जे सगळ्यात जास्त विकलं जाणारं फीचर आहे ना, दहा हजार इश्यूंचा, म्हणजे जिरातल्या नोंदींचा, रिपोर्ट काढून एक्सेल डाउनलोड करून देणारं, ते आपल्या सर्व्हरवर आरामात दोन-तीन मिनिटं घेतं आणि कुणी काही म्हणत नाही. तिकडे त्याचे तुकडे करून रांगेत टाकायला लागतात, असिंक इव्हेंट म्हणतात त्याला, त्याला वेळ जास्त मिळतो, पण मग स्क्रीनवर प्रोग्रेस दाखवा, मध्येच फाटलं तर कुठून परत सुरू करायचं ते लिहून ठेवा, दोनदा चाललं तर डबल रो येणार नाही हे बघा. हे पोरांनी एआयला सांगून एका दुपारी लिहून घेतलेलं मी पाहिलंय, दिसायला एकदम छान, शंभर इश्यूंवर चालतंही, दहा हजारांवर आडवं होतं.

मग कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं की रिमोट वापरू. फोर्ज रिमोट म्हणजे पुढचा भाग फोर्जमध्ये आणि मागे आपला तोच स्प्रिंग बूट सर्व्हर जसाच्या तसा. हे चुकीचं नाहीये हां, काही अ‍ॅप्सना दुसरा इलाजच नाही, जड कॅलक्युलेशन असेल किंवा बाहेरच्या सिस्टिमशी बोलायचं असेल तर करा खुशाल. पण ते निवडताना काय सोडतोय ते सेल्सच्या माणसाला माहीत असायला पाहिजे. अ‍ॅपचं सगळं काही अ‍ॅटलासियनच्याच क्लाउडमध्ये राहत असेल तर मार्केटप्लेसवर 'रन्स ऑन अ‍ॅटलासियन' असा बिल्ला मिळतो, रिमोटवाल्याला तो मिळत नाही. आणि जर्मनीतली बँक असो की कुठलं सरकारी खातं, त्यांचा सिक्युरिटीवाला माणूस आधी तो बिल्ला शोधतो, नाही दिसला की प्रश्नांची लांबलचक फाइल पाठवतो, ती फाइल शेवटी भरतं कोण तर मी.

पण कोड पुरे. मला बोलायचंय डेटावर.

आपल्या पोस्टग्रेसमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांचा डेटा एकाच टेबलमध्ये, कुठला रो कुणाचा ते सांगणारा एक क्लायंट कीचा कॉलम, बस. मायग्रेशन म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर येतं ते असं की शनिवारी रात्री एक स्क्रिप्ट लावली, सगळे रो उचलले, तिकडे ओतले, रविवारी सकाळी व्हेरिफाय केलं आणि मिसळ खायला गेलो. तसं नसतंय ते. फोर्जचं स्टोरेज प्रत्येक इन्स्टॉलेशनचं वेगळं असतं आणि त्यात लिहायचं तर त्या गिऱ्हाइकाच्या साइटवर इन्स्टॉल झालेल्या आपल्या फोर्ज अ‍ॅपनेच लिहायचं. पुण्यात बसून सगळ्यांच्या स्टोरेजमध्ये एकदम ओतता येईल असा डेटाबेसचा पासवर्ड तुम्हाला कुणी देत नाही. म्हणजे आधी गिऱ्हाइकाकडे फोर्जचं व्हर्जन पोचलं पाहिजे, मग तिथून ते अ‍ॅप आपल्या जुन्या सर्व्हरला हाक मारणार, त्याच एका गिऱ्हाइकाचा डेटा थोडा थोडा मागून घेणार आणि त्या साइटच्या फोर्ज स्टोरेजमध्ये ठेवणार, आणि हे चालू असताना त्या ऑफिसातली माणसं अ‍ॅप वापरतच असणार. प्रत्येक गिऱ्हाइकाचं शिफ्टिंग वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, आणि ती वेळ आपण ठरवत नाही.

त्यात साइजची भानगड. की-व्हॅल्यू स्टोरेजमध्ये एका व्हॅल्यूला 240 केबीची मर्यादा आहे. आपल्याकडे कुणी एका वर्कफ्लोचं अख्खं कॉन्फिगरेशन एका जेसॉनच्या कॉलममध्ये कोंबलेलं असतं, ते बहुतेकांचं मावतं, आणि जे मावत नाही ते नेमकं सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं असतं, कारण मोठ्या गिऱ्हाइकाचंच कॉन्फिगरेशन मोठं. टेबलं आणि जॉइन लागत असतील तर फोर्ज एसक्यूएल आहे, मायएसक्यूएलच्या वळणाचं, पण पोस्टग्रेसच्या खास गोष्टींवर उड्या मारल्या असतील तर त्या सोडवून घ्यायला लागतील. म्हणून आज एक काम करा, प्रॉडक्शनवर एक साधी क्वेरी मारायला सांगा, प्रत्येक गिऱ्हाइकाचा सगळ्यात मोठा रो केवढा. डेमो साइटवर टेस्ट करून 'झालं' म्हणणाऱ्याला तो आकडा दाखवा. ज्यांनी पूर्वी स्वतःचं टेबल न बनवता छोटी सेटिंग्ज जिराच्याच इश्यू प्रॉपर्टीमध्ये ठेवली होती त्यांना तेव्हा आपण आळशी म्हणायचो, आज ते निवांत आहेत, त्यांचा तेवढा डेटा आधीच गिऱ्हाइकाच्या घरी आहे.

आणि जुनं पुसायची घाई करू नका. एप्रिल 2022 मध्ये खुद्द अ‍ॅटलासियनकडे काय झालं ते आठवतंय ना? इनसाइट नावाचं जुनं वेगळं अ‍ॅप त्यांच्या मूळ प्रॉडक्टमध्ये घेतलं गेलं होतं म्हणून गिऱ्हाइकांच्या साइटवरून ते जुनं अ‍ॅप काढायचं होतं, स्क्रिप्ट तयार होती, पण जी टीम आयडी देणार होती तिने अ‍ॅपच्या आयडींऐवजी अख्ख्या साइट्सच्याच आयडी दिल्या, आणि स्क्रिप्टनेही बिनबोभाट साइट्स डिलीट केल्या. 775 गिऱ्हाइकांच्या साइट्स गेल्या, काहींना परत मिळायला 14 दिवस लागले. त्यांनी नंतर स्वतःच हे सगळं सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, हे त्यांचं चांगलंच. आता विचार करा, एवढी मोठी कंपनी, एवढे बॅकअप, आणि काम काय होतं तर एक जुनं अ‍ॅप काढणं, म्हणजे आपण ह्या वर्षी जे करणार आहोत तेच. आपल्याकडे डिलीटची स्क्रिप्ट कोण लिहितं आणि दुसरं कोण तपासतं हे एकदा विचारा. उत्तर एकाच माणसाचं नाव आलं तर थांबा. शेवटचं गिऱ्हाइक नीट बसेपर्यंत जुना डेटाबेस जिवंत ठेवा, त्याचं होस्टिंगचं बिल कुरकुर न करता भरा.

सपोर्टच्या टीमला हे अजून कुणी सांगितलंच नाहीये बहुतेक, की फोर्जवर गेल्यावर प्रॉडक्शनच्या डेटाबेसला जोडून सिलेक्ट मारून बघणं हे बंद होणार. आज तिकीट आलं की तो पोरगा दोन मिनिटात टेबल उघडून सांगतो की सर तुमची ही सेटिंग बंद आहे. उद्या त्याच्याकडे फक्त लॉग्ज असतील, आणि लॉग्ज बघायची परवानगीसुद्धा गिऱ्हाइकाचा अ‍ॅडमिन बंद करू शकतो. म्हणून अ‍ॅपच्या आतच अ‍ॅडमिनसाठी एक डायग्नोस्टिकचं पान बांधा, तो स्क्रीनशॉट काढून पाठवेल असं. हेही शीटमध्ये नाहीये.

आता परवानगी. कागदावर हे छान आहे, फोर्जच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये, जुन्या कनेक्ट अ‍ॅपची की दिली की तेच लिस्टिंग, तेच रिव्ह्यू, तीच लायसन्स, गिऱ्हाइकाला नवीन खरेदी करायला लागत नाही, कनेक्टचे काही मॉड्यूल तात्पुरते फोर्जच्या मॅनिफेस्टमध्ये ठेवून हळूहळूही जाता येतं. पण नवीन स्कोप मागितला किंवा डेटा बाहेर जायचा नवा पत्ता लिहिला की ती मेजर व्हर्जन होते, आणि मेजर व्हर्जन गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडमिनने मंजूर केल्याशिवाय त्याच्याकडे चढत नाही. तोपर्यंत तो जुन्यावरच. कोथरूडात सोसायटी रिडेव्हलपमेंटला काढली की बिल्डरचे प्लॅन केव्हाच तयार असतात, अडतं कुठे तर तिसऱ्या मजल्यावरचे काका अमेरिकेला मुलाकडे गेलेत आणि त्यांची सही राहिलीय. आपले ते काका म्हणजे कुठल्यातरी देशातल्या कंपनीचा जिरा अ‍ॅडमिन, ज्याने पाच वर्षांपूर्वी आपलं अ‍ॅप टाकलं, मग नोकरी सोडली, नवीन माणसाला आपलं नावही माहीत नाही, आणि बिल मात्र दर वर्षी क्रेडिट कार्डावरून आपोआप जातंय. तुमचं सगळ्यात गुणी गिऱ्हाइक तेच, कधी तिकीट टाकत नाही, कधी सूट मागत नाही. आणि तेच सगळ्यात धोक्याचं, कारण ते तुमचा मेल उघडत नाही.

मोठ्या कंपन्यांचं वेगळंच. तिथे माणूस मेल वाचतो, पण बटण दाबायच्या आधी त्याला चेंज रिक्वेस्ट टाकायला लागते, सिक्युरिटीची पाहणी होते, तुम्ही हा स्कोप का मागताय ह्याचं उत्तर लेखी लागतं. म्हणून स्कोप मागताना हात आखडता घ्या. 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून चार जास्तीचे स्कोप टाकून ठेवायची आपली जी सवय आहे ती इथे महागात पडणार, आणि त्याहून महाग म्हणजे एकदा परवानगी मागून झाली, अ‍ॅडमिनने मेहनत घेऊन मंजूर केली, आणि दोन महिन्यांनी परत मागितली. जे काही मागायचं ते ठरवून एकदाच मागा.

आता कॅलेंडर उघडा. यंदा अधिक महिना आहे त्यामुळे गणपती उशिरा, 14 सप्टेंबरला. त्यापुढचे दहा-बारा दिवस पेठांमधून येणारी माणसं ऑफिसला कशी आणि किती पोचतात हे तुम्हाला माहितीये, आणि पोचली तरी ढोलताशा पथकातली पोरं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात, त्यात त्यांची काही चूक नाही. मग दसरा, मग 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, त्या आठवड्यात गावी जाणाऱ्यांची रजा आत्ताच टाकलेली आहे. नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. डिसेंबरच्या मध्यापासून युरोपातल्या कितीतरी कंपन्यांत चेंज फ्रीझ, म्हणजे अ‍ॅडमिनला बटण दाबायचं असलं तरी दाबू देत नाहीत. ज्या शेवटच्या तिमाहीच्या भरवशावर शीट बनवलीय ती तिमाही आहेच कुठे? सप्टेंबर उजाडायच्या आत फोर्जचं व्हर्जन मार्केटप्लेसवर उभं पाहिजे आणि अ‍ॅडमिनांच्या मागे लागायचं काम त्याआधी सुरू पाहिजे, त्यापलीकडचं सगळं बोनस समजा. सपोर्ट संपला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप बंद पडेलच असं नाही, पण पडलं तर त्या बाजूला फोन उचलणारं कुणी नसेल आणि गिऱ्हाइक फोन करणार ते आपल्याला.

पैशाचंही एक. 1 जानेवारी 2026 पासून फोर्जचं बिल वापरावर आहे, ठरावीक वापर फुकट, त्यापुढे मीटर. आपल्या सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी उठून 'काही बदललं का' बघणारा एक जॉब होता, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. फोर्जमध्ये शेड्यूल केलेला ट्रिगर प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी वेगळा चालतो. पाच मिनिटाला एकदा म्हणजे दिवसाला 288 वेळा, हजार गिऱ्हाइकं असतील तर रोज 2,88,000 वेळा, आणि त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर काय तर काही बदललं नाही. हे बदलून इव्हेंटवर घ्यायला पाहिजे, आणि तो निर्णय फायनान्सने बिल पाहून बोंब मारल्यावर नाही तर डिझाइनच्या वेळी घ्यायचा असतो. फोर्जवाल्या अ‍ॅप्सना मार्केटप्लेसच्या हिश्श्यात सवलत ठेवलीय, ती तुम्ही सगळ्यांनी बरोब्बर पाहिलीय, तेवढं एक्सेलमध्ये आलंय.

फोर्ज वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. रात्री दोन वाजता सर्टिफिकेट संपलं म्हणून उठायला लागणार नाही, एका गिऱ्हाइकाचा डेटा दुसऱ्याला दिसला तर काय ह्या भीतीने जेडब्ल्यूटीचा कोड चारदा तपासायला लागणार नाही, फोर्ज टनेल लावून लॅपटॉपवर बदल केला की लगेच जिरात दिसतो. मला आवडतं ते. पण आवडतं म्हणून त्याला लागणारा वेळ कमी होत नाही.

माणसांचं बोलायचं राहिलं. हे काम दोन फ्रेशर्सना दिलंय ते काढून घ्या, किंवा त्यांना ठेवा पण ज्याने ते जुनं कनेक्टचं अ‍ॅप लिहिलं त्याला त्यांच्या शेजारी बसवा. तो सध्या तुमच्या नव्या एआय प्रॉडक्टच्या डेमोवर आहे, मला माहितीये, आणि तो तीन महिन्यांच्या नोटीसवर जायच्या विचारात आहे हेही बहुतेकांना माहितीये, तुम्हाला सोडून. त्या डेटाबेसमध्ये एका कॉलमचं नाव एक आणि त्यात ठेवलेलं दुसरंच असं का आहे ते जगात फक्त त्यालाच ठाऊक आहे. आणि सगळी अ‍ॅप्स न्यायचा हट्ट सोडा. तुमच्याकडे आठ असतील तर त्यातली तीन कुणीतरी हॅकेथॉनमध्ये केलेली आहेत आणि त्यांना मोजकी गिऱ्हाइकं आहेत. त्या गिऱ्हाइकांना आत्ताच स्वच्छ सांगा की हे बंद होतंय, अमुक तारखेला, तुमचा डेटा असा एक्सपोर्ट करून घ्या, पैसे उरले असतील तर परत. त्यांना वाईट वाटेल. डिसेंबरमध्ये कळलं तर जास्त वाईट वाटेल आणि रिव्ह्यूमध्ये तसं लिहितील.

तर मागणी काय? सोमवारच्या मीटिंगला कोडचं स्टेटस विचारायच्या आधी एक यादी मागा, गिऱ्हाइकांची, प्रत्येकासमोर टेक्निकल कॉन्टॅक्टचा मेल अजून चालू आहे का, शेवटचं उत्तर कधी आलं, सगळ्यात मोठा रो केवढा. ज्यांचे मेल बाउन्स होतायत त्यांना फोन करायला एक माणूस द्या, पूर्ण वेळ, त्याला सेल्सचं टार्गेट देऊ नका. आणि ते मेल कोण लिहिणार हे ठरवा, कारण 'काइंडली डू द नीडफुल' लिहून कुणी बटण दाबत नाही. का दाबायचं, दाबल्यावर काय बदलेल, किती वेळ लागेल, काही फाटलं तर कुणाला बोलवायचं, एवढं चार ओळीत सांगणारी आपल्या सपोर्टमधली ती पोरगी आहे ना, जिला तुम्ही अप्रेझलमध्ये 'टेक्निकल नाही' म्हणून कमी रेटिंग दिलं होतं, तिला द्या हे काम.

तुमचीच,
बालेवाडीतली एक डेव्हलपर